दुसऱ्यांचा खासदार

८ मार्च १९९७, शनिवार. सिंगापूरला सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये मी फ्रीजमधला बर्फ खरवडत होते, तेवढ्यात इंग्लंडहून फोन आला. खासदार ड्रेकॉट गेले, त्यांची सेक्रेटरी सांगत होती. मी दोन-चार गोष्टी विचारल्या, फोन ठेवला आणि उरलेला बर्फ बादलीत टाकला. मग तिथेच लादीवर बसून राहिले... त्याला आता तीन आठवडे झाले.

चार वर्षांपूर्वी जहाज बुडून माझा नवरा श्रीकांत गेला. तो त्यावर सेकंड इंजिनिअर होता. त्याने पंपांकडे दुर्लक्ष केलं म्हणून पाणी भरलं, असं ब्रिटिश कंपनीने अहवालात लिहिलं. पंप बदला, असं त्यानेच कंपनीला दोनदा कळवलं होतं. त्या पत्रांच्या कार्बन कॉपी माझ्याकडे होत्या. ब्रिटनच्या वाहतूक मंत्रालयाला पाठवल्या, उत्तर आलं नाही. जहाजावरचा स्वयंपाकी ड्रेकॉट यांच्या गावचा. त्याच्या आईने मला त्यांचा पत्ता दिला.

तिकडे रीत अशी, की खासदाराने आपल्याच मतदारसंघातल्या माणसाचं काम हातात घ्यायचं. ड्रेकॉट फोनवर सरळ म्हणाले, "तुमचा नवरा माझा मतदार नव्हता, तो स्वयंपाकी माझा मतदार होता. पण दोघं एकाच पाण्यात बुडाले. मी प्रश्न एकत्रच विचारणार." मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही. मागच्या बाकावरून ते गावचा हलवलेला बसस्टॉप आणि देशाची गंजकी जहाजं यांवर सारख्याच तावातावाने बोलत.

पहिल्याच भाषणात मात्र त्यांनी घोळ घातला. "इंजिनिअरची चूक मान्य करूनही..." असं बोलून गेले. छापील प्रत हातात पडताच मी फोन लावला.

"श्रीकांतची पत्रं वाचलीत का?"

"स्वयंपाक्याची फाइल वाचली. तुमची नंतर वाचणार होतो."

"मग बोलायचंही नंतर."

"बरोबर आहे, मॅडम. जिथे बोललो, तिथेच मागे घेतो."

पुढच्याच आठवड्यात सभागृहात उभं राहून त्यांनी चूक कबूल केली आणि श्रीकांतची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. फेरचौकशीचा विचार करू, मंत्री म्हणाले. मग दर महिन्याला ड्रेकॉट यांचा लेखी प्रश्न: विचार झाला का? दर महिन्याला तेच उत्तर: चालू आहे.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"तो त्यांना यायला हवा."

अहवाल अजून तसाच आहे.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी मुग्धा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, ओन्ली वन मॅन आस्किंग. नाऊ फिनिश लाह."

"फिनिश कसं? बाबांवरचा ठपका गेला का?"

"हिज सीट, हू विल गेट?"

"निवडणूक आहे. तिघं उभे आहेत म्हणे."

"सो यू राइट टू हूम? हू विल विन?"

ते मला काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांनाही एकच पत्र टाइप केलं, प्रत्येकाला कार्बन कॉपींच्या झेरॉक्स जोडल्या आणि निवडून आलात तर हा प्रश्न विचारत राहाल का, याचं मतदानाआधी लेखी उत्तर मागितलं.