बोंबलाच्या पिशवीतले पासपोर्ट

फुकेतला पोचल्यावर पहिल्या दिवशी मला वाटलं, उगाच आलो. नारळ, खारी हवा, चिकट घाम, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. हे सगळं अर्नाळ्याला माझ्या दारात आहे. मैत्रिणीला मात्र सगळंच आवडत होतं. ती वसईची ख्रिस्ती, केळीच्या वाडीतली. तीस वर्षं पावसाळ्याआधी आगोटीची, चार महिन्यांच्या बेगमीची सुकी मासळी माझ्याकडूनच नेत आली. भावावरून भांडता भांडता मैत्री झाली. दोघींचे नवरे वारल्यावर सहलीचा हट्ट मीच धरला. तिचा मुलगा म्हणाला होता, "मम्मी, तुला झेपायचं नाय. काहीतरी भानगड करून ठेवशील."

टूरवाल्या बाईंनी पासपोर्ट जपायला सांगितले होते. खोलीत तिजोरी होती, पण तिला आकडे लावायचे होते आणि ते आमच्या ध्यानात राहणार नव्हते. मी चाळीस वर्षं तुळिंजच्या बाजारात बसले. घराची चावी, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, सगळं टोपलीच्या तळाशी, बोंबलांच्या खाली. चोर कुठंही हात घालेल, सुक्या बोंबलात घालणार नाही. इथंही मी बोंबील आणले होते. आणू नका असं सांगितलेलं होतं, तरी आणले. दोन्ही पासपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच पिशवीत खाली सारले.

"माझ्या पासपोर्टला वास मारंल गो," ती म्हणाली.

"वास मारंल, पण जागेवर राहील."

चौथ्या दिवशी आम्हाला बोटीने एका बेटावर नेलं. दुपारी परत आलो तर खोली फुलांच्या अत्तरासारखी घमघमत होती आणि कपाटातली पिशवी नव्हती. पलंगाखाली नाही, न्हाणीघरात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं.

टूरवाल्या बाई धावत आल्या. "मावशी, मासळीत कोण ठेवतं पासपोर्ट?"

"आम्ही ठेवतो."

त्यांनी कपाळाला हात लावला. पासपोर्ट मिळाले नाहीत तर दोघींना मागे राहावं लागेल, इथल्या राजधानीत आपल्या देशाच्या कचेरीत जावं लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या. मैत्रीण पलंगावर टेकली. गळ्यातला क्रूस मुठीत धरून बसली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलाचं म्हणणं खरं ठरणार होतं आणि भानगड तिने नाही, मी केली होती.

टूरवाल्या बाई काउंटरवर गेल्या. मी मागच्या जिन्याने खाली उतरले. हॉटेलात कचरा मागेच टाकतात, एवढं मला कळतं. तिथे झाडूवाली बाई होती, पन्नाशीची. भाषा येईना. मी हाताने मासा केला, नाक दाबून दाखवलं. ती एवढी हसली की तिला खोकला आला. माझं मनगट धरून तिने मला भिंतीपलीकडे नेलं.

दोरीवर माझी पिशवी धुऊन वाळत घातलेली. पाणी ठिबकत होतं. मी पिशवीत हात घातला, रिकामी.

खाली चटईवर बोंबील एकेक सुटा पसरलेला, वरून मच्छरदाणीचा तुकडा. खोलीतल्या गार हवेने ते दमट झाले होते, म्हणून खोली झाडताना तिने उचलून उन्हात आणले होते. तिने एक उचलून वाकवून दाखवला आणि नाही अशी मान हलवली. आमच्याकडेही असंच वाकवून बघतात, नीट सुकलेला मोडतो. मग तिने डगल्याच्या खिशातून प्लास्टिक काढलं. आत दोन्ही पासपोर्ट, कोरडे. तिने एक उघडला, फोटो माझ्या तोंडाजवळ धरला, नीट बघितलं आणि माझ्या हातात दिला. दुसरा मी मागितला तर देईना. फोटोवर बोट ठेवलं, माझ्याकडे बोट केलं आणि नाही म्हणाली.

बरोबरच होतं. तिच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

मैत्रिणीला हाताला धरून खाली आणली. बाईने तिचीही तशीच परीक्षा घेतली. चष्मा उतरवायला लावला, तेव्हा कुठे पासपोर्ट सुटला. मैत्रिणीने तो नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं. मग ब्लाऊजमध्ये खोचला. मी थेट जमिनीवर बसले. सकाळपासून तहान लागली होती हे तेव्हा कळलं.

ऊन होतं तोवर आम्ही तिघींनी बोंबील उलटे केले. निम्मे मी झाडूवालीलाच ठेवायला सांगितले. तिने मोजके घेतले, बाकी परत सारले.

एवढ्यात टूरवाल्या बाई घामाघूम होऊन आल्या. "मिळाले का हो मावशी?"

"हरवले होते कुठं?" मैत्रीण म्हणाली. "वाळत घातले होते."