दातिवऱ्याला त्या दिवशी मी गेलेच नव्हते

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगू लागलं की मी उठून जायचे. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय...

मी बोईसरला राहते. मोबाईलवरून पैसे देता-घेताना फसवणूक कशी टाळायची, हे बचत गटातल्या बायकांना शिकवते. आई दातिवऱ्याला एकटी असते, सुकी मासळी विकते. तिच्या फोनमध्ये ॲप मीच घालून दिलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

गेल्या मार्चमध्ये मी मासवणला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये वर्ग घेत होते. दुपारी दोनला आईचा फोन — घरी पोचलीस का? मला काही कळेना. ती म्हणाली, आत्ताच तर जेवून गेलीस.

मी तशीच निघाले. आईने सांगितलं ते असं — मी अकराच्या सुमारास आले, बोंबलाचं कालवण-भात खाल्ला आणि बाबांच्या जाळ्यांच्या सरकारी अनुदानाचे पैसे जमा करायचेत म्हणून तिला फोन उघडायला लावला. तिने विचारलंसुद्धा, "पैसे येताना पिन नाय लागत, तूच सांगितलंस ना?"

'मी' म्हणाले, "आता नियम बदललाय, आई."

तिने पिन टाकला. बाबांच्या मागे तिच्याकडे उरलेलं सगळं गेलं.

हेल्पलाइनला लगेच कळवलं, तक्रार केली. पैसे तोवर कुठल्या कुठे गेले होते. व्यवहार आईच्याच फोनवरून झालेला, पिन बरोबर. पोलिसांच्या मते आईने एखादी लिंक दाबली असेल आणि घाबरून काहीतरी सांगतेय. पण शेजारच्या काकूंनीही मला पाहिलं होतं. जाताना मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणे... परक्या बाईला हे कुठून ठाऊक असणार?

आईला मी हॉलमधले त्या दिवशीचे फोटो दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाली, "माजी पोर मी वळखनार नाय? तूच व्हतीस."

गावात बोलतात, पोरीनेच आईला लुटलं. आता मी गेले की आई दार उघडत नाही. आतून माझ्या नंबरवर फोन लावते. माझ्या हातातला फोन वाजला की मगच कडी काढते.

परवा माझ्या हातातला फोन वाजला... तरी तिने कडी काढली नाही. आतून म्हणाली, "माजी पोर तर आत जेवतेय."