पोरीचा अंगठा आणि सरांचे ग्लोव्हज

"तुमच्या पोरीच्या हातात दमच नाही," असं सरांनी मला मैदानावर सगळ्यांदेखत ऐकवलं, तेव्हा माझ्या पोरीचा उजवा अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावात कपडे शिवते. पोरीचा बाप मेंढरं राखतो. पोरगी रोज जीपनं हिंगोलीला बॉक्सिंग शिकायला जायची. नऊ पोरी होत्या आणि तीन आठवड्यांवर जिल्ह्याची निवड आली होती. सर म्हणाले, "ती मूठच आवळत नाही, ताई. ढिल्या हातानं मारलं की अंगठा मुरगळणारच. तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर यादीतून नाव काढतो."

मी तिचा ग्लोव्ह उचलला आणि माझा हात आत घातला. दिवसभर कात्री चालवणारा हात माझा, पण बोटं काही केल्या मिटेनात. दुमडायच्या जागीच स्पंजचा गठ्ठा! अंगठा वेगळ्याच पिशवीत, लांब बाजूला उभा.

"सर, तुमी घालून बघा बरं एकदा."

"बावीस वर्षं झाली मला यात," म्हणाले आणि शिट्टी वाजवत निघून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन ब्लेडनं ग्लोव्ह उसवला. बाही बेतताना मी आधी माणसाचा हात बघते. हे शिवणाऱ्यानं पोरीचा हात कधी बघितलाच नव्हता. पोरीला म्हटलं, आवळ मूठ. चार बोटं आत, त्यांच्यावर अंगठा आडवा. देवानं दिलेली मूठ ती! तिच्यावरच पेपर गुंडाळून माप काढलं. पसरलेल्या हाताचं नाही, मिटलेल्या मुठीचं. तिच्या बापानं मेंढरं कातरायच्या कातरीला चिंधी गुंडाळलेली असते, पकड बसावी म्हणून. तशीच कापडाची वळकटी मी तळव्यात शिवली. अंगठ्याची पिशवी बोटांना लगटून टाचली, म्हणजे तो मागंही वाकणार नाही आणि समोरचीच्या डोळ्यातही जाणार नाही.

मारायच्या बाजूला कोकरांची मऊ लोकर भरली. ती आत सरकायला लागली. आता आमच्या घरची खोड बघा. घोंगडं विणून झालं की आम्ही त्याला चिंचोक्याची खळ लावतो. हात सवयीनं तिकडंच गेला. लोकरीच्या आतल्या थरांना खळ लावली आणि वाळवून वरून शिवून टाकलं.

दोन दिवस पोरगी हवेत होती. "माय, मूठ बसून राहिली बघ बराबर!" त्या दोन दिवसांत घामानं खळ सगळ्या लोकरीत उतरली आणि उन्हात वाळून तिची फळी झाली. तिसऱ्या दिवशी पोरीनं आपल्या मैत्रिणीला एक ठोसा दिला. दोघी एकाच जीपनं जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. मैत्रिणीची भुवई फाटली. तीन टाके पडले.

सरांनी माझे ग्लोव्हज कचऱ्यात फेकले आणि यादीतून पोरीचं नाव खोडलं. "बाई, हे घोंगडं नाही," म्हणाले. या बाबतीत त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच झोंबलं. खळ लावली की कडक होतं, हे मला माहीत नव्हतं का? कडक व्हावं म्हणूनच तर लावतो! दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्यावर बेतलं असतं म्हणजे? मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की पोरीचा बाप मेंढरं घेऊन दुपारचाच बाहेर पडला.

मग नवी जोडी शिवली. लोकर धुऊन पिंजून घेतली, खळ नाही, गोधडीसारखे आरपार टाके घातले. घामानं भिजवून, वाळवून बघितली. मऊच राहिली. पोरीला समोर उभं केलं आणि म्हटलं, "मार मला."

"येडी झाली का माय?"

"मार म्हंते ना!" तिनं खांद्यावर मारलं, मग गालावर. दणका बसला, पण खरचटलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात ती मैत्रीण आपल्या आईला घेऊन दारात आली. भुवईवर पट्टी. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. व्हायलाच पाहिजे होता. पण त्या पोरीनं नुसता हात पुढं केला. "काकू, मलाबी शिवून द्या."

तिचा अंगठाही सुजलेला होता.

"कवापासून गं?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सर म्हनले असते, दम न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले आणि सगळ्या पोरींना ग्लोव्हज काढायला लावले. नऊपैकी सात जणींचे अंगठे दुखत होते. सातही जणी गप्प होत्या, एकाच वाक्याच्या भीतीनं. मी त्यांच्यातलाच एक ग्लोव्ह सरांपुढं धरला. "घाला. आवळा मूठ."

पोरी बघत होत्या म्हणून त्यांनी घातला. आवळून बघितलं, दात खाऊन बघितलं. मूठ मिटली नाही.

"माल असाच येतो, ताई," ते म्हणाले.

"बावीस वर्षं असाच आला? आन तुमी एकदाबी हात घालून बघितला न्हाई?"

त्यांनी ग्लोव्ह काढून माझ्या हातात दिला. निवड झाली, माझ्या पोरीशिवाय झाली. आता सगळ्या पोरी मी शिवलेल्या ग्लोव्हजनं सराव करतात आणि सर ते घालू देतात. लोक म्हणतात, झालं ना चांगलं, सोडा आता राग. काहून सोडू? पोरीचा अंगठा दाखवला, तर डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पोरगी रोज सकाळी आरशापुढं वेणी घालते, तेव्हा तिची चार बोटं पेड घालतात आणि अंगठा बाजूला नुसता उभा राहतो.