जांभळाच्या बियांचं चूर्ण

मिल बंद पडली तेव्हा बाबांना साखरेचा आजार जडून बराच काळ झाला होता. गोळ्या मिलच्या दवाखान्यातून मिळायच्या. मिल गेली, तसा दवाखानाही गेला. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात माझा शाळेतला पगार तेवढा येत होता, आणि कोणाला न सांगता बाबा एक दिवसाआड गोळी घ्यायला लागले होते.

त्याच सुमारास काका आले. नात्याने कोणी नव्हते. मिलमध्ये बाबांच्या शेजारच्या मागावर असायचे. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना काकाच म्हणत आले. त्यांनी आता चूर्ण विकायला सुरुवात केली होती. जांभळाच्या बिया, मेथी, सुकवलेलं कारलं आणि गुडमारचा पाला.

"भिया, हे गुडमारचं पान चाव जरा," ते बाबांना म्हणाले. बाबांनी चावलं. मग काकांनी त्यांच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. "कशी लागते?"

"रेतीसारखी!" म्हणत बाबा खळखळून हसले. मिल बंद झाल्यापासून ते असे हसलेच नव्हते.

"जिभेवर करतं तेच रक्तात करतं. गोळ्या सोड आता."

बाबांनी सोडल्या. पुढच्या तपासणीत साखर खरोखरच उतरली. तो रिपोर्ट खिशात घालून बाबा मिलच्या गेटवर गेले आणि तिथे जमणाऱ्या जुन्या सोबत्यांना दाखवत सुटले. कितीतरी घरं त्यांनी काकांना जोडून दिली. खालच्या मजल्यावरच्या आजींना तर चूर्ण स्वतः नेऊन दिलं.

एका सकाळी बाबा मोरीपाशी कोसळले. घामाने भिजले होते, हात थरथरत होते, मला ओळखेनात. आईने साखरपाणी पाजलं, मी ऑटो आणली.

"कोणती गोळी घेतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोणतीच नाही. जांभळाच्या बिया, मेथी, कारलं यांचं देशी चूर्ण फक्त."

त्यांनी साखरेचा आकडा पुन्हा पाहिला. "मेथी, कारलं खायला मीही सांगते. थोडा फरक पडतो. पण एवढ्याने साखर अशी तळाला जात नाही. त्या चूर्णात दुसरं काहीतरी आहे."

बाबांना ते पटेना. अंगात जोर येताच मला म्हणाले, "चल, त्यालाच विचारू."

काकांचं दार उघडंच होतं. काकू खलबत्त्यात कुटत बसल्या होत्या आणि शेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली होती. बाबांनी एक उचलून वाचलं. मिलच्या दवाखान्यात मिळायची तीच गोळी.

काका आतून आले. आम्हाला पाहून थबकले, मग हळूच म्हणाले, "नुसत्या बियांवर कोण थांबतं रे? लोकांना हप्त्याभरात गुण पाहिजे. तुझी पोरगी कमावते. मी काय करू?"

"मला तरी सांगायचंस. मी माझ्या तोंडाने लोकांना सांगत फिरलो."

"तुला सांगितलं असतं, तर तू इतक्या भरवशाने फिरला असतास का?"

बाबा ते पाकीट हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी मीच त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवसापासून ते चूर्णात गोळी कुटलेली आहे हे सांगत दारोदार फिरले. मी सोबत होते. काहींनी चूर्ण आमच्यासमोर फेकून दिलं. मिलमधल्या एका जुन्या सोबत्याने दारातूनच विचारलं, "आणि तुम्हाला यात किती मिळायचे?" "एक पैसाही नाही," बाबांच्या आधी मीच म्हणाले, पण त्याला ते खरं वाटलं नसावं. आजी तर म्हणाल्या, "तुमचं आपसात बिनसलं असेल. मला गुण आलाय." त्यांनी चूर्ण सोडलं नाही. मग आईनेच त्यांच्या मुलाला सगळं समजून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं.

काकांनी पुढे राजवाड्याजवळ दुकान टाकलं. चांगलं चालायचं. बाबांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तब्येत सावरली. मिल बंद करणाऱ्यांना ते ओट्यावर बसून मनसोक्त शिव्या द्यायचे. काकांचा विषय निघाला की मात्र उठून आत जायचे.