वेचणाऱ्या हाताचं क्रीम

"बाई, हे तुमचं औषध माह्या कापसाले लागलं," असं म्हणत गुलाबरावांनी दवाखान्याच्या टेबलावर गाठोडं सोडलं. पांढऱ्या कापसावर तपकिरी बोटं उमटली होती. वरून गुलाबाचा वास. वास माझ्याच पसंतीचा.

पन्नासच्या दशकात मी हिंगणघाटजवळच्या एका गावी नर्स होते. नोकरी नवी. पातळाला कडक स्टार्च, डोक्यालाही तेवढाच. गावातल्या बायकांना त्वचेची निगा शिकवायची, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सिंधू गुलाबरावांच्या वावरात कापूस वेचायची. वाळल्या बोंडाची टोकं काट्यासारखी लागतात. त्यात थंडी. तिच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं. मी वर्ध्याहून आणलेलं कोल्ड क्रीम तिला दिलं आणि वर सल्ला दिला, "दिवसातून हव्या तितक्या वेळा लाव." ती बिचारी वेचता वेचता लावत राहिली. तेलकट बोटांना वाळल्या पानांचा चुरा चिकटला आणि ती बोटं कापसाला पुसली गेली.

सिंधू दारातच उभी होती. "मालक उद्यापासून येऊ नको म्हणून राह्यले, बाई. वेचणी गेली त मी हंगामभर करू काय?"

"जिनात ग्रेडर माल हातात घेऊन पाह्यते," गुलाबराव म्हणाले. जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना आणि ग्रेडर म्हणजे तिथं कापसाची प्रत ठरवणारा माणूस. "डाग दिसला की सारी गाडी हलक्या मालात. हिच्या हातासाठी मी गाडी घालवू काय?"

त्यांचंही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "परवापर्यंत थांबा. परवा हिच्या कापसावर डाग दिसला तर खुशाल काढा."

"परवा मीच पाह्यतो," म्हणून ते गेले.

आतून सारं ऐकणाऱ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन क्रीमची डबी हातात घेऊन फिरवली. "सिस्टर, हेच का निवडलंत?"

"वास छान आहे, सर."

"आणखी?"

मी डबीवरच्या चित्रातल्या बाईकडे पाहिलं. गोरीपान, हसरी. तिनं जन्मात बोंडाला हात लावला नसावा.

"हिला पाहून भेगा बुजत असत्या," डॉक्टर म्हणाले, "तर मी हिचं चित्रच भिंतीवर लावलं असतं. आता नीट निवडा."

मग मी डोकं वापरायला घेतलं. स्नो, म्हणजे तोंडाला लावायचं हलकं क्रीम, त्वचेत मुरतो, डाग पाडत नाही. पण भेगांना लागतो तेवढा ओशटपणा त्यात नसतो. कोल्ड क्रीम ओशट, पण त्यातलं अत्तर उघड्या भेगेला झोंबतं. सिंधू म्हणालीही होती, "झोंबते थोडं." त्यावर मी काय म्हणावं? "गुण येतोय!"

राहिली साधी पेट्रोलियम जेली. दवाखान्यात मलम बनवताना आम्ही ती वापरत असू. ना रंग, ना वास, ना चित्रातली बाई. आधी सिंधूच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ठेवली. याला पॅच टेस्ट म्हणतात. खाज सुटली, लाली आली तर ती वस्तू आपली नाही. दुसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ होती. मग तिला सांगितलं, झोपताना ओलसर हातांना लाव, जुनं फडकं गुंडाळ. सकाळी बेसनानं हात धू, कोरडे पूस. वावरात काही लावायचं नाही.

ठरल्या दिवशी मीही तसेच हात करून वेचायला गेले. खात्री पटवायची होती ना! बायका माझ्या स्टार्चच्या पातळाला पाहून पदरात तोंड लपवत होत्या.

गुलाबरावांनी सिंधूच्या ओटीतला कापूस उन्हात धरला, बोटांनी ताणला, हुंगलासुद्धा. "साफ हाये," ते म्हणाले. "लाग कामाले." ती लगेच पुढच्या ओळीला लागली, जणू थांबलं तर ते मन बदलतील.

मग गुलाबरावांनी माझ्या ओटीतला कापूस पाहिला. डाग नव्हता. पण पाला होता, कच्चं बोंड होतं, एक चालता किडाही होता.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "सिंधूले राहू द्या. तुम्ही मात्र उद्या येऊ नका."

सिंधूच्या भेगा भरायला बरेच दिवस लागले, पण वेचणी सुटली नाही. नाती आता मला विचारतात, आजी, या क्रीमांतलं कोणतं घेऊ? मी म्हणते, लावल्यावर तुझे हात कुठं कुठं लागणार आहेत, ते आधी सांग. वास सगळ्यात शेवटी घे.