बैलाचा शनिवार

आम्ही अलिबागला नवीन होतो. शेजारचे रूबेनकाका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची बैलगाडी मागायला मी एका शनिवारी गेले. आभाळ भरून आलं होतं आणि आमचा पेंढा शेतात उघडाच होता.

"उद्या नेऊ. आज आमचा शब्बाथ," काका म्हणाले.

"तुम्ही बसा, गाडी मी हाकते."

"बैलालाही सुट्टी असते, बाई. आमच्या धर्मग्रंथात तसं लिहिलंय."

माझ्या माहेरी, विदर्भात, बैलाचा पोळा वर्षातून एकदा. इथे दर आठवड्याला. देवाने माणसाला जनावरांवर सत्ता दिली, असंही त्याच ग्रंथात आहे म्हणे. ती सत्ता समोर नारळीखाली डोळे मिटून रवंथ करत होती. पेंढा थोडा भिजला, पण मला वाईट वाटलं नाही.