मंडळाचा कोट

सेक्रेटरींची नजर माणसाच्या चेहऱ्यावर नंतर जायची, आधी खांद्यांवर. नवा मुलगा दारात उभा राहिला की ते मान किंचित तिरकी करून त्याचे खांदे बघत, मनाशी काहीतरी ठरवत आणि मगच नाव विचारत. शिंपीकामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुलुंडच्या एका औषध कंपनीत ते डिस्पॅचमध्ये क्लार्क होते. पण घाटकोपरच्या आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे एकच कोट होता, आणि तो प्रत्येकाच्या अंगाला कसा बसवायचा हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

मंडळाची खोली जिन्याखाली होती. अर्ध्या खोलीत जिमखान्याचं मोडकं सामान, उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, काही खुर्च्या आणि खिळ्याला जुन्या चादरीच्या खोळीत तो निळा कोट. पहिल्या बॅचचा कुणीतरी आखातात नोकरीला गेला, तेव्हा तिकडच्या उकाड्यात हा घालणार कोण म्हणून मागे ठेवून गेला होता. तेव्हापासून शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलाला इंटरव्ह्यूचा कॉल येई, तो शनिवारी येऊन कोट घेऊन जाई. मुलगा बारीक असला तर सेक्रेटरी पाठीकडून कापड चिमटीत धरून सेफ्टी पिन लावत. सूचना एकच देत. "साहेबाकडे पाठ करू नको. बाहेर पडतानासुद्धा तोंड त्याच्याकडेच ठेव. त्याला वाटेल, काय अदब आहे पोरात."

कोट हातात पडण्याआधी सराव असे. दोन-तीन जुने विद्यार्थी टेबलामागे साहेब होऊन बसत आणि मुलाला प्रश्न विचारत. सेक्रेटरींचा नियम असा की शेवटी प्रत्येक साहेबाने आपल्या पहिल्या इंटरव्ह्यूची फजिती सांगायची. स्वतःची ते दर वेळी सांगत. खोलीत दोन खुर्च्या होत्या, हे गेले ते सरळ साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसले. साहेब आला आणि उभाच राहिला. आम्ही हसत असू. सेक्रेटरीही हसत, आणि मग हळूच म्हणत, "कुणी सांगितलंच नव्हतं रे, आपली खुर्ची कुठली. बाप मिलमध्ये. त्याला कधी कुणी समोर बसवलं होतं, म्हणून तो मला सांगणार?"

मीही तो कोट घातलेला. पिनेसकट. अंधेरीच्या विमा कचेरीत नोकरी लागली, कोट धुऊन परत केला आणि नंतर कित्येक वर्षं कॉलेजच्या बाजूला फिरकलो नाही. एकदा घाटकोपरच्या बाजारात सेक्रेटरी समोर आले. हातात माठाची जुडी होती. त्यांनी माझे खांदे बघितले आणि म्हणाले, "भरलास की रे, सावंत. शनिवारी ये." मला नाही म्हणता आलं नाही. पुढे एकदा मी त्यांना सांगूनही टाकलं की माझं येणं प्रेमापोटी नाही, इतकी वर्षं आलो नाही ते मनाला खातं म्हणून आहे. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "प्रेमाने येणारे दोनदा येतात," म्हणाले. "ज्यांना खात असतं ते टिकतात. मला दोन्ही चालतात."

टिकलो, पण थकलोही. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, तिथून घाटकोपर, आणि वाकोल्याला घरी पोचेपर्यंत दिवेलागण. मुलांना मी शनिवारचा कधी दिसतच नसे. बाकीचे एकेक करून गळाले. कुणी बोरिवलीला ब्लॉक घेतला, कुणाला प्रमोशन मिळालं, आणि सगळ्यांनाच घाटकोपर लांब पडू लागलं. टेबलामागच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. सेक्रेटरी ज्याला त्याला एकच गोष्ट मागत, शनिवारचे दोन तास. नेमके तेच कुणाकडे नव्हते. मी आत शिरलो की माझा चेहरा बघून त्यांना मालवणी सुचे. "दमलंस मां? बस वायच," म्हणत आणि अर्धा चहा माझ्या कपात ओतत. बायको म्हणायची, "अहो, एकदाचं सांगून टाका त्यांना. त्यांचं वेड आहे, तुमचं नाही ना?" सांगायचं ठरवून मी किती शनिवार गेलो असेन कोण जाणे. तो अर्धा कप समोर आला की तोंड उघडत नसे.

त्याच सुमाराला कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला आणि संस्थेला आमची खोली हवी झाली. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी सेक्रेटरींना समजावलं की माजी विद्यार्थी म्हणजे कॉलेजचं वैभव, ते असं जिन्याखाली कशाला कोंडायचं? जुहूच्या हॉटेलात एक झकास मेळावा घेऊ, मोठ्या हुद्द्यावरची मंडळी जोडू. खोलीचं विचाराल तर तिथे बसणारी माणसं किती, दोन? सेक्रेटरी म्हणाले, माणसं येतील. प्राचार्य म्हणाले, मेळाव्यानंतरच्या शनिवारी मी स्वतः खाली येतो. खोली भरलेली दिसली तर तुमची.

मेळाव्याच्या निमंत्रणावर कोट-टायची अट होती. सेक्रेटरींकडे स्वतःचा कोट नव्हता. ते मंडळाचा कोट घालून आले.

जुहूच्या त्या गार हॉलमध्ये पुढे जे झालं ते मला अजून दिसतं. आधी कुणी कोट ओळखला नाही. मग अंधेरीच्या एका कारखान्याचा मॅनेजर झालेला कदम प्लेट हातात धरूनच जवळ आला, वाकून बाहीचं बटण बघितलं आणि सेक्रेटरींना चक्क गर्रकन फिरवलं. "आयला, पिन अजून आहे?"

"तुझ्या वेळची नाही," सेक्रेटरी म्हणाले. "ती गंजली."

मग एकच गर्दी झाली. कुणी कॉलर चाचपली, कुणी फोटो काढला. कुणी बायकोला बोलावून सांगितलं, अगं, याच कोटात मी नोकरीला लागलो. एवढे साहेब त्या एका कोटातून बाहेर पडले होते हे मलाही ठाऊक नव्हतं. सेक्रेटरी मधोमध लग्नातल्या नवरदेवासारखे अवघडून उभे होते. कदम म्हणाला, "आता हा काढा ना यार, सेक्रेटरी. मी नवे शिवून देतो, हवे तेवढे."

"कोट नको. येत्या शनिवारी ये. दोन तास बस."

"येतो ना. हे काय बोलणं झालं?"

ते ज्याच्या त्याच्यापाशी जाऊन हेच सांगत राहिले आणि सगळे हो म्हणाले. खोटं कुणी बोलत नव्हतं. त्या वेळी सगळ्यांना यायचंच होतं.

शनिवारी सेक्रेटरींनी वरच्या वर्गातून जादा खुर्च्या आणून भिंतीशी लावून ठेवल्या. मी गेलो तो त्यांना सांगायलाच, की माझा हा शेवटचा शनिवार. ते दाराकडे तोंड करून बसले होते. पावलं वाजली की मान तिरकी होई. प्राचार्य ठरल्याप्रमाणे आले, रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली आणि ते सेक्रेटरींच्या पाठीवर हात ठेवून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. माझं सांगणं माझ्यापाशीच राहिलं. त्या जादा खुर्च्या आम्ही दोघांनी पुन्हा वर नेऊन ठेवल्या. अर्ध्या जिन्यात ते दम खायला थांबले आणि म्हणाले, "कदमाचा कारखाना शनिवारी चालू असतो. मी आधी विचारायला हवं होतं."

त्यानंतर मंडळ जिमखान्यामागच्या पॅसेजमध्ये आलं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. तिथेही ते निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी बसले आणि मग कुडाळकडे आपल्या गावी गेले. निरोप द्यायला मी दादर स्टेशनवर गेलो होतो. मंडळ तू सांभाळ, असं ते म्हणतील म्हणून मी नकाराची वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यांनी विषयच काढला नाही. फक्त म्हणाले, "शनिवारी घरी थांब आता. पोरं मोठी होतायत." मी सुटलो असं वाटायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे असलेली कपाटाची चावी कॉलेजच्या ऑफिसात जमा करायला गेलो. शेवटचं म्हणून कपाट उघडलं, खोळ काढली, इकडेतिकडे बघून कोट अंगात घातला. बटणं पोटावर जुळेनात. पाठीत पिन टोचली. ती काढावी म्हणून हात मागे नेला तोच पॅसेजच्या तोंडाशी एक मुलगी दिसली. छातीशी फाइल धरलेली, खांदे कानांपर्यंत आवळलेले.

"सर, माजी विद्यार्थी मंडळाचे सेक्रेटरी इथेच बसतात ना? सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. तिथे कसं वागायचं, घरात कुणालाच माहीत नाही."

तिचे ते आवळलेले खांदे बघताना मनात आलं, सेक्रेटरी इतकी वर्षं पोरांच्या खांद्यांवर फक्त कोटाचं माप बघत नसावेत. चावी माझ्या मुठीत होती. ऑफिस बंद व्हायला अजून वेळ होता. खूप दमल्यासारखं वाटलं, नेहमीसारखंच.

मी चावी खिशात टाकली आणि टेबलाअलीकडची खुर्ची पुढे ओढली.

"ही तुझी," मी म्हणालो. "बस."